हळदकुंकवाची लायब्ररी

परभणीत स्टेशनजवळ व्यंकटरावांचं दोन खोल्यांचं सॉफ्टवेअरचं दुकान आहे. लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. उतरवताना तो किती वेगवान करायचा, हे त्याला शून्य ते तीन अशा पातळ्यांनी सांगता येतं. व्यंकटराव तीनच्या खाली उतरत नाहीत. व्हिजिटिंग कार्डावरही त्यांनी तीनचा आकडा छापून घेतला आहे.

गंगाखेडच्या आबासाहेबांच्या बियाणं कंपनीला त्यांनी फोटोतले सोयाबीनचे दाणे मोजणारा प्रोग्राम दिला होता. एका फोटोला चाळीस सेकंद लागत. "सोमवारी पाचात मोजून दाखवा, न्हाईतर काम पुण्याला चाललं," आबासाहेबांनी फोनवर सांगितलं. दुकान त्याच कामावर तगून होतं.

व्यंकटरावांनी आपला तीनशे ओळींचा प्रोग्राम पुन्हा कंपायलरमधून काढून तीनवर बांधला. एकोणचाळीस सेकंद.

"फरक पडायलाय," ते म्हणाले आणि कॉम्प्युटरसमोर टेबलफॅन ठेवला.

पिंगळीहून रेल्वेने येणारी सुकेशनी ही दुकानातली एकमेव नोकरदार. तिने विचारलं, "सर, मोजणी तर सगळी लायब्ररीत होतीय. ती कितीवर बांधलीय?"

लायब्ररी म्हणजे दहा वर्षांपूर्वीच मशीनच्या भाषेत उतरवून ठेवलेला तयार कोड. तो ज्या पेनड्राइव्हवर होता, त्याला दर खंडेनवमीला अवजारांबरोबर हळदकुंकू वाहिलं जाई.

"तिचं काय काढलंस? आपण तीनवर बांधायलोत की."

"तीन तुमच्या तीनशे ओळींना लागू होतंय, सर. लायब्ररी शून्यावर बांधली असंल तर शून्यावरच राहणार."

"पूजेतली वस्तू हाय ती. दहा वर्षांत एक चूक न्हाई."

"चूक न्हाईच. नुसती लय हळू हाय."

व्यंकटराव जेवायला घरी गेल्यावर तिने पेनड्राइव्हवर चिकटलेलं कुंकू पुसलं. लायब्ररीचा मूळ कोड त्यातच होता. सोबत टीप होती: पातळी शून्य, चुका शोधणं सोपं जावं म्हणून. चुका कधीच्या शोधून झाल्या होत्या. तिने लायब्ररी दोनवर नव्याने बांधली आणि वीस फोटो जुन्या मोजणीशी ताडून पाहिले. दाणा न दाणा जुळला. चार सेकंद.

परत आलेल्या व्यंकटरावांना तिने सगळं सांगितलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग टेबलफॅनकडे. "थंडावा मिळाला की मशीन पळतंयच," ते म्हणाले.

सोमवारी आबासाहेबांनी मनगटावरच्या घड्याळात वेळ लावून पाहिली. "कसं काय जमवलं?"

"तीन," व्यंकटराव म्हणाले. "आमच्याकडं दुसरा आकडाच न्हाई."

काम परभणीतच राहिलं.

पुढच्या खंडेनवमीला नव्या लायब्ररीला हळदकुंकू लागलं. शेजारी टेबलफॅनलाही. व्यंकटरावांनी हात जोडले आणि सुकेशनीकडे वळून म्हणाले, "आता हिला कुणी हात लावायचा न्हाई."