लुथरन चर्चमधला नारळ

आईचा गुडघा बरा झाला आणि नवस फेडायला ती मला विसरवाडीजवळच्या लुथरन चर्चमध्ये घेऊन गेली. तिची सेवा करणारी नर्स त्या चर्चची, म्हणून नवसही तिथल्याच देवाला!

तिच्या हातातला नवसाचा नारळ पाहून चर्चचे पाळक हसले. "मावशी, देवाची कृपा फुकट असते. विश्वास पुरतो, नवस लागत नाही. पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीत पापमाफीच्या चिठ्ठ्या विकत होते, तेव्हा एक धर्मगुरू याच मुद्द्यावर भांडला. तिथूनच आमचं चर्च सुरू झालं."

आई भडकली. जन्मात तिने एकही नवस अंगावर ठेवला नव्हता. "मी फुकटनं काहीच लेत नही!"

पाळकांनी पायरीवर तो नारळ फोडला आणि खोबरं तिच्यापुढे धरलं. "घ्या, हेही फुकटच."

आईने ते खाल्लं. मग पुन्हा हात पुढे केला.