आबांचा आवाज खोबणीत अडकला

आमचे आबा कुस्तीच्या मैदानात निवेदन करायचे. हातात माईक आला की पैलवान कुठल्या गावचा, कुठल्या तालमीतला, कुणाचा पठ्ठ्या, हे सगळं न अडखळता यायचं. मग अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. आता त्यांना कळतं सगळं, पण बोलायला गेले की घशातून नुसती घरघर निघते आणि ते चिडून मान फिरवतात.

त्यांच्या निवेदनाच्या कॅसेटी मी कधीतरी हौसेनं संगणकावर घेऊन खिशात मावणाऱ्या गाण्यांच्या प्लेअरमध्ये भरल्या होत्या. पुढं पुराचं पाणी घरात शिरलं. कॅसेटी गेल्या, संगणक गेला, आबांचा माईकही गेला. प्लेअर माझ्या बॅगेत होता म्हणून वाचला. नव्या संगणकाला तो जुना म्हातारा ओळखही देईना, त्यामुळं दुसरीकडं काही उतरवता आलं नाही. आबांचं बोलणं जगात त्या एवढ्याशा डबीतच उरलं होतं.

हेडफोनच्या भोकातून वायर काढून अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, तर आबा पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे वाटायचे. मी हट्टाला पेटलो आणि एक स्टँड मागवला. तो प्लेअरच्या खालच्या खोबणीतून साठवलेल्या आवाजाचे नुसते डिजिटल आकडे उचलतो, डॅक नावाची पेटी त्या आकड्यांचा आवाज करते आणि तो अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरला जातो. पहिल्यांदा लावलं तेव्हा मैदानात वाजणाऱ्या दोन हलग्यासुद्धा वेगवेगळ्या कळल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी आबा खुर्ची स्पीकरसमोर ओढायची खूण करायचे. एक वेळ गोळ्या चुकतील, पण हे चुकलेलं त्यांना चालायचं नाही.

आमच्याकडं खंडेनवमीला विळी, खुरपं, माझी मोटारसायकल आणि आबांचा माईक यांची पूजा व्हायची. यंदा माईकच्या जागी आईनं पाटावर प्लेअर मांडला. हे कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आवाज आता ह्यात हाय म्हटल्यावर पूजा ह्याचीच की."

मी प्लेअर स्टँडवर कसा बसवतो हे तिनं रोज पाहिलं होतं. आवाज निघतो तो त्या खोबणीतूनच, हे तिचं गणित पक्कं. म्हणून माणसाच्या कपाळाला लावतात तसं तिनं प्लेअरच्या तोंडाला, म्हणजे खोबणीलाच, ओलं हळदकुंकू लावलं, चांगलं अंगठ्यानं दाबून. वर अक्षता.

संध्याकाळी प्लेअर मुका. चार्जिंगही त्याच खोबणीतून व्हायचं, त्यामुळं दुसऱ्या दिवशी पडदाही काळा झाला. मी आईवर ओरडलो. तिनं शांतपणे सांगितलं, "हळद हाय, इख न्हाय." आबा खुर्चीत बसून स्पीकरकडं बघत राहिले आणि मग त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. एकदा गेलेली त्यांची वाचा दुसऱ्यांदा जाणार होती, आणि या वेळी घरातल्या घरात.

शाहूपुरीतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदारानं प्लेअर उलटसुलट करून परत माझ्या हातात ठेवला. "पावणं, उघडायला उघडतो, पण आतलं गेलं तर मला बोलायचं न्हाय." मी प्लेअर खिशात घातला आणि गाडीला किक मारली.

घरी आल्यावर आबांच्या औषधांच्या डब्यातलं इंजेक्शनचं स्पिरिट घेतलं, नवा मऊ टूथब्रश घेतला आणि खिडकीपाशी बसलो. ब्रशला पिवळं येत होतं, लाल येत होतं. एक तांदळाची कणी आत रुतली होती, ती दातकोरणीनं हळूहळू उचकून काढली. आई शेजारी उभी होती. ब्रश भरला की तो पुसायला ती पदराचं टोक पुढं करत होती.

खोबण वाळू दिली आणि प्लेअर स्टँडवर ठेवला. काहीच नाही. आई देवघराकडं गेली. मी वायरी उगाचच काढून परत लावल्या. बऱ्याच वेळानं पडद्यावर बॅटरीचं बारीकसं चित्र उमटलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मी मोठ्यानं हसत सुटलो. आई आतून पळत आली, तिला वाटलं मला वेड लागलं.

आवाज लावण्याआधी मी डॅकमधून आणखी एक वायर नव्या संगणकाला जोडली. म्हटलं, हे आधीच सुचायला हवं होतं, वाजेल तसं उतरून घेऊ, आता या डबीवर भरवसा नाही. मग आबांची खुर्ची स्पीकरसमोर ओढली आणि बटण दाबलं.

हलगी कडाडली आणि आबांचा आवाज घरभर झाला. लाल लंगोटाचा पैलवान खाली आहे, वरच्यानं घिस्सा डाव टाकलाय. मी आबांकडं पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. घशातून काही निघत नव्हतं, पण ओठ आवाजाच्या पुढं धावत होते. स्पीकरमधून वाक्य यायच्या आत त्यांचं ते म्हणून झालेलं असायचं. सगळं निवेदन त्यांच्या आत जसंच्या तसं होतं.

मला हुंदका आवरेना. आबांनी न बघताच धडधाकट हात वर करून मला गप्प बसवलं, कारण कुस्ती निकालाला आली होती.