उजवी बाजू

टाचणीच्या घरात बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं तर वाकूनच जावं लागे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खेळण्यातल्या गाड्यांचा प्लायवूडचा ट्रॅक पसरलेला. खुर्चीत बसलेल्या माणसाचे हात आरामात पोचतील एवढ्या उंचीवर तो ठोकला होता, आणि उभ्या माणसाचं काय, याचा विचार कुणी केला नव्हता. चहाचा कप हातात धरून, थेंबही न सांडता त्याखालून निघायची तिला इतकी सवय झाली होती की लॅबमध्येही दारापाशी आल्यावर ती उगाच मान खाली घालायची.

टाचणी हे नाव दादाने ठेवलेलं. लहानपणी ती काडीसारखी होती आणि बोलायची ते टोचायचं, म्हणून. आता पन्नाशी उलटली होती, अंगही भरलं होतं, आणि टोचून बोलणं तर केव्हाच सुटलं होतं. नाव तेवढं राहिलं.

दादा तरुणपणी गाड्या पळवायचा. नव्या नव्हेत, त्याच्या जन्माच्याही आधीच्या. लांब नाकाच्या, उघड्या चाकांच्या, एका माणसापुरत्या. अशा गाड्यांचं वेड असलेल्या लोकांचा एक क्लब होता. ते टेकडीवरचा जुना रस्ता बंद करून शर्यती लावायचे. त्यांच्यात दादाचं नाव होतं. एका शर्यतीत उतरणीच्या वळणावर त्याची गाडी रस्ता सोडून खाली गेली. दादा वाचला, पण कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं.

गाडी तयार केली होती मामाने. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मोटार मेकॅनिक. ब्रेकची सळई तुटली, असं दादाने दवाखान्यातच सांगितलं, आणि त्या दिवसापासून आईने आपल्या भावाचं तोंड पाहिलं नाही. मामा एकदा दारात आला होता. आईने साखळी न काढता फटीतूनच सांगितलं, "तुझ्या हाताने माझं लेकरू गेलं. आता काय बघायला आलास?" मामा जिना उतरून गेला.

टाचणी तेव्हा नुकती कवळ्या बनवायच्या कामाला लागली होती. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवायचे, आणि लॅबमध्ये ती प्लास्टरवर मेणाचं नवं तोंड उभं करायची. आई होती तोवर दादाचं आईने केलं. आई गेली आणि दादाच्या चाकांच्या खुर्चीला लावलेली सायकलची घंटी टाचणीच्या वाट्याला आली. ट्रिंग म्हणजे पाणी. ट्रिंग ट्रिंग म्हणजे कूस बदलायची. नुसतीच वाजत राहिली तर समजायचं, त्याला कंटाळा आलाय.

त्या कंटाळ्यावर उतारा म्हणून तिने एकदा बाजारातून खेळण्यातला ट्रॅक आणला. रस्त्यात खाच, खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या, त्यांतून वीज. गाडीच्या नाकाखालची जीभ खाचेत बसवायची आणि हातातलं बटण दाबलं की गाडी सुटते. दादाने गाडी उचलून उलटीपालटी केली.

"याला चाकं आहेत. गाडी कुठाय?"

"मग कशी हवी?"

"खरी."

झालं, तिथून ती अडकली. कवळीचे हात आणि कवळीचंच सामान. साच्यात राळ ओतून गाडीचं अंग काढायचं. दात सरळ करायच्या तारेचे एक्झॉस्ट आणि सळया. जुन्या पर्सच्या चामड्याचे, बॉनेट आवळायचे पट्टे. सुईच्या टोकाने डिंकाचे थेंब ठेवले की रिवेटांच्या रांगा. दादा भिंग घेऊन बसायचा. "या गाडीचा आरसा डावीकडे नव्हता." "हा हिरवा नाही. तो मळका हिरवा होता, बाटलीसारखा." ती पुन्हा रंगवायची. त्या शर्यतीत धावलेल्या सगळ्या गाड्या अशा एकेक करून कपाटात आल्या. चालकांच्या बाहुल्यांना मात्र पाय नव्हते. खालची जागा मोटरला लागते, म्हणून बाहुली कमरेपाशी कापावी लागे. पहिल्यांदा दादाने ते पाहिलं तेव्हा तो खो खो हसला. "सगळे माझ्यासारखेच की!" ती पण हसली. मग ट्रॅकखालून वाकून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

रोज संध्याकाळी शर्यत. शर्यतीला दोघं लागतात, म्हणून ती हवीच. लॅबमधल्या मैत्रिणींनी कुठे बोलावलं की ती म्हणायची, "संध्याकाळी नाही जमणार गं, माझी शर्यत असते." त्यांना तो विनोद वाटायचा.

एकच गाडी झाली नव्हती. दादाची. "ती सोडून काहीही कर," असं तो म्हणायचा.

मग गाड्यांची मॉडेलं बनवणाऱ्यांच्या एका मंडळाने तिला विचारलं. त्यांचं प्रदर्शन होतं आणि टेकडीवरच्या त्या शर्यतीची अख्खी रांग त्यांना मांडायची होती. मंडळाचा सेक्रेटरी घरी आला, वाकून स्वयंपाकघरापर्यंत फिरून आला आणि कपाटापुढे उभा राहून म्हणाला, "बाई, हे कमाल आहे. पण एकोणीस नंबर कुठाय? जागा मोकळी दिसेल."

दादा खिडकीकडे बघत होता. म्हणाला, "कर ती पण."

डावी बाजू सहज झाली. निळसर राखाडी रंग, बॉनेटवर जाळीच्या चिरा, शेपटाला एकोणीसचा पांढरा गोल. पण जेवढे फोटो होते ते सगळे डाव्या बाजूने काढलेले. प्रेक्षक रस्त्याच्या त्याच अंगाला उभे असायचे. उजवीकडे एक्झॉस्ट होता आणि बाहेर ब्रेकचा दांडा होता, एवढं दादा सांगे. दांडा कुठे वळतो, सळया कुठून जातात, हे विचारलं की चिडायचा. "मी गाडी चालवत होतो, बाजूला उभा राहून बघत नव्हतो!"

तिला अंदाजाने करता आलं असतं. कुणाला कळलं असतं? पण इतक्या वर्षांत एकही रिवेट तिने अंदाजाने ठेवला नव्हता. लॅबमधून सुट्टी घेऊन, दादाला न सांगता, ती मामाकडे गेली.

दार मामीने उघडलं. ओळख पटायला क्षणभर लागला.

"अगंबाई! भाचीला आमची आठवण झाली म्हणायची. कोण गेलं?"

"कुणी नाही, मामी. मला गाडी बघायचीये."

मामी काही बोलायच्या आत मामा मागून आला. पाठीत वाकलेला, पण हात तसेच, नखांत काळं. त्याने तिच्याकडे पाहिलं, खुंटीवरची किल्ली काढली आणि पुढे चालू लागला.

गॅरेजच्या मागे पत्र्याची शेड होती. ताडपत्री ओढली तेव्हा धूळ इतकी उडाली की दोघंही खोकत बाहेर आले. गाडीचं नाक चेपून आत गेलेलं, पुढचं एक चाक नव्हतंच. पण उजवी बाजू जवळजवळ शाबूत होती. तिने मापं घ्यायचा कॅलिपर काढला आणि जमिनीवर बसली. दांडा. दांड्याला जोडलेला आडवा गज. तिथून मागच्या चाकांकडे दोन सळया, पुढच्यांकडे दोन. ती मोजमाप घेत, बोट फिरवत पुढे सरकली आणि थांबली. मग पलीकडून जाऊन वाकून पाहिलं. परत अलीकडे आली.

चारही सळया अखंड होत्या. पुढची एक वाकली होती, तुटली नव्हती. टोकाच्या खिळी जागच्या जागी, वर्षानुवर्षांच्या गंजाने सांध्याशी एकजीव झालेल्या.

"मामा, तू बदलल्यास का या?"

"कशाला बदलू? चालवणार कोण होतं?"

"मग तुटलं काय?"

मामा डब्यावर बसला होता. तो हाताची नखं बघत राहिला. "त्या वळणाला सगळे आधीच वेग कमी करतात. तो म्हणाला होता, मी नाही करणार."

"आणि तू हे कधीच बोलला नाहीस? आई गेली, मामा! तुझ्यावर राग धरून गेली ती."

"सांगायलाच आलो होतो एकदा. फटीतून तो दिसला, पलंगावर. त्याच्याकडे एवढंच उरलं होतं गं, की चूक त्याची नव्हती. ते पण काढून घ्यायचं?" तो उठला. "तुझं मापून झालं का? चहा टाकलाय तिने."

चहा पिताना मामी एकदाच बोलली. "हे देवमाणूस झाले. माझं माहेर तुमच्याच गल्लीत होतं, बाजारात आजही बायका मला बघून कुजबुजतात. मला कुणी विचारलं नाही."

घरी येताना टाचणीला वाटलं होतं की आपल्याला दादाचा संताप येईल. आला नाही. आलं ते काहीतरी जड आणि थंड, ओल्या प्लास्टरसारखं, हातापायांभोवती घट्ट होत जाणारं. जे खोटं धरून आई गेली, त्याच्यावरच हे घर उभं होतं. आणि ते पाडलं तरी घंटी वाजायचीच, कूस बदलायचीच. तिने किल्ली लावली. आतून ट्रिंग झालं.

तिने गाडी पूर्ण केली. चार सळया, तारेच्या, त्यांच्या टोकांना केसाएवढ्या खिळी. गाडी दादाच्या हातात दिली. त्याने डावी बाजू भिंगातून पाहिली, मान डोलावली. उजवी बाजू फिरवली. भिंग बराच वेळ एका जागी राहिलं.

"कुठून घेतलंस हे?"

"मामाच्या शेडमधून."

त्याने भिंग खाली ठेवलं. गाडी ट्रॅकवर ठेवायलाही त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या पाट्या लिहायच्या होत्या. तो एकेका गाडीचं सांगत गेला, ती लिहीत गेली. एकोणीसपाशी त्याने घसा साफ केला.

"लिही. ब्रेकची सळई तुटल्यामुळे अपघातग्रस्त."

तिने पेन खाली ठेवलं. "नाही लिहिणार."

"का?"

"चारही आहेत, दादा. काचेच्या पलीकडून कुणीही मोजेल."

दादा मग अगदी सहज, मीठ मागावं तसं म्हणाला, "मग एक तोडून लाव."

तिला ऐकू नीट आलं होतं, तरी ती म्हणाली, "काय?"

"एक तोड. चिमटा आहे की तुझ्याकडे. कुणाला कळणारे?"

"मला."

"टाचणी, मी सांगतोय."

"तू सांगितलंस म्हणून मी आरसे काढले, रंग खरवडले. तू सांगितलंस म्हणून आईने भाऊ तोडला. सळई नाही तोडणार." आपण एवढं मोठ्याने बोललो याचंच तिला आश्चर्य वाटत होतं. तिला खोलीतून निघून जायचं होतं. पण जायचं म्हणजे वाकून, ट्रॅकखालून जायचं. ती गेली नाही, तिथेच उभी राहिली. शेवटी दादानेच खुर्ची वळवली.

त्यानंतर किती तरी संध्याकाळी शर्यत झाली नाही. ती लॅबमधून यायची, त्याला पुसायची, ताट द्यायची, कूस बदलायची. दोघं एकमेकांशी हो-नाही एवढंच बोलायचे. लॅबमध्ये तिच्या हातून एक कवळी उलटी लागली. डॉक्टर म्हणाले, "काय बाई, पेशंटने कपाळाने खायचं का?" ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

एकोणीस प्रदर्शनात गेली. पाटीवर नुसता नंबर आणि चालकाचं नाव होतं. परत आली तेव्हा दादाने स्वतः ती ट्रॅकवर ठेवली आणि बटण दाबलं. गाडी सरळ रस्त्यावर छान गेली, वळणाला थरथरली. त्याने वेग कमी केला. पुन्हा फेरी. पुन्हा वळणाआधीच कमी केला.

"मागचा एक्सल डगमगतोय," तो म्हणाला.

"बघते मी."

"तुला नाही जमायचं." तो गाडीकडेच बघत होता. "त्याला बोलाव. त्याला कळेल."



मामा आला तो लिफ्ट बंद असताना, तीन जिने चढून, हत्यारांची पिशवी घेऊन. दारातच दम खात उभा राहिला. दादा खुर्चीत ताठ बसला होता. टाचणीला वाटलं, आता काहीतरी होईल. मामा खुर्ची ओढून बसला, गाडी उलटी केली आणि म्हणाला, "तुझा चष्मा दे, माझा राहिला." दादाने डोळ्यांवरचा काढून दिला. एक्सलला काही झालेलं नव्हतं. मामाने तो दहा मिनिटं घट्ट केला.

मग दोघं खेळायला बसले. मामाची गाडी पहिल्याच वळणाला उडाली तेव्हा दादा लहान पोरासारखा ओरडला. मग त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं. "तू काय उभीयेस? आता दोघं आहोत आम्ही. जा की कुठेतरी."

ती खाली उतरली. फाटकाशी आल्यावर तिला कळेना कुठे वळायचं. डावीकडे औषधांचं दुकान होतं, उजवीकडे भाजी, समोर लॅबची वाट. काही आणायचं नसताना या रस्त्यावर ती कधी चाललीच नव्हती. ती बसस्टॉपच्या बाकावर बसली. एक बस आली, दार उघडलं.

"बाई, यायचंय?" कंडक्टरने विचारलं.

"कुठे जाते?"

त्याने सांगितलं. तिकडे तिचं कुणीच नव्हतं. ती उठली, दांडीला हात लावला आणि परत खाली बसली. "नको. सहज विचारलं."

बस गेली. वर तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत दिवा लागला होता. मामाला उतरायला उशीर होईल, अंधारात जिना त्याला जमणार नाही, हात धरावा लागेल, असं मनात येऊन गेलं. तरी ती लगेच उठली नाही. पुढची बस येईपर्यंत बसू, असं तिने ठरवलं.