शिडीमास्तर आणि शंभर किलोंचं छत

मोटरहोमच्या छतावर चढण्याआधी वजनकाट्यावर उभं राहायचं, हा नियम त्या कारखान्यात मालकाने लावला नव्हता की सरकारने. तो शिडीमास्तरांनी लावला होता. आणि मास्तरांनी लावलेला नियम म्हणजे गंजलेला बोल्ट. पाना तुटेल, पण तो हलायचा नाही.

कारखाना तसा बेताचाच. पत्र्याची एक शेड, शेडच्या कोपऱ्यात गाद्या-पडदे शिवणाऱ्या ताईचं यंत्र, आणि पुढे उंच भिंतींचं आवार. मोटरहोम, म्हणजे आत पलंग, ओटा आणि न्हाणीघर असलेली घरगाडी, त्या आवारात उभी राहायची आणि मास्तर तिच्या छतावर बार बसवायचे. बार म्हणजे ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या. त्यांवर कुणाला होडी बांधायची असे, कुणाला सायकली. एकाला तर आपली आरामखुर्ची न्यायची होती, कारण दुसऱ्या कुठल्याही खुर्चीत त्याला म्हणे डुलकी लागत नसे. या कामात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. बोटाच्या पेराने छतावर टकटक करत जायचे. पोकळ आवाज आला तर खाली नुसता फोम, भरीव आवाज आला तर खाली फासळी. बारचा पाय फासळीवरच बसला पाहिजे. पोकळ जागी भोक पाडलं तर बारही सैल राहणार आणि आतल्या पलंगावर पाणीही ठिबकणार.

शिडीमास्तर हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं. बार बसवून झाले की गाडीची किल्ली परत मिळायची ती प्रवचन ऐकल्यावरच. "चार हात उंचीला एक हात लांब, अशी शिडी लावायची. वरचं टोक बांधल्याशिवाय पाय उचलायचा नाही. दोन हात आणि दोन पाय, या चारांतले तीन कायम शिडीला. छत ओलं असेल तर वर जायचं नाही, वारा असेल तर नाही, आणि छतातल्या खिडकीवर पाय तर मेलात तरी द्यायचा नाही." नवरे माना डोलवायचे. बायका म्हणायच्या, "ह्यांना परत एकदा सांगा हो."

काट्यामागेही इतिहास होता. मास्तर पंचविशीत होते तेव्हा त्यांचे उस्ताद, दोन माणसांचं जेवण एकट्याने जेवणारे, एका गाडीच्या छतावर रुबाबात चालत गेले आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. खाली मालकीणबाई ओट्याशी चहा करत होत्या. छतातून एक बूट उतरला आणि साखरेच्या डब्याशेजारी लोंबकळत राहिला. बाई किंचाळल्या नाहीत. त्यांनी आधी डब्याला झाकण लावलं. उस्तादांना कंबरेला दोर बांधून बाहेर काढलं, आणि त्यानंतर ते पुन्हा कधी छतावर गेले नाहीत. मास्तरांनी त्याच महिन्यात काटा आणला. कारखान्यात येणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलंच असायचं: छतावर एक माणूस, हत्यारांसकट शंभर किलो. मास्तरांनी ते भिंतीवर रंगवून घेतलं.

नियमाला एक शेपूट होतं. आपलं वजन आपण वाचायचं नाही, दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं. "स्वतःचं वजन बघताना भल्याभल्यांचे डोळे अधू होतात," असं मास्तर म्हणत. गेली पंधरा वर्षं हे वाचायचं काम ताईकडे होतं. मास्तर हत्यारांचा पट्टा बांधून काट्यावर उभे राहिले की ती तोंडातली सुई काढून आकडा सांगायची आणि परत शिवायला बसायची.

मग दीड वर्षापूर्वी मास्तरांची सिगारेट सुटली आणि बिस्किट लागलं. सिगारेट दिवसाला दहा होती, बिस्किटांना मोजदाद नव्हती. पट्टा दोन भोकं पुढे सरकला. मास्तरांचं म्हणणं, चामडं आकसतं.

"चामडं आकसतं," बायको म्हणाली, "मग तुम्ही बसलात की खुर्ची कुरकुरते, ती काय लाकूड आकसतं म्हणून?"

"अगं, ताईने कालच वाचलं. नव्याण्णव."

"गेल्या महिन्यात?"

"नव्याण्णव."

"आणि त्याच्या आधी?"

"एकदा माणसाचं वजन ठरलं की ठरलं," मास्तर म्हणाले आणि बिस्किटाचा डबा तिच्या हातातून घेतला.

पण मनातून ते धास्तावलेले होते. वर जायला मिळणं हेच त्यांच्या आयुष्याचं सुख होतं. घरी दोन खोल्या, त्यांतही एकीत बायकोने शिवायला आणलेले कपडे आणि दुसरीत मेव्हण्याचं सामान. कारखान्यात चारी बाजूंनी भिंत. छतावर गेलं की मात्र माणूस मोकळा. शंभराच्या वर गेलो तर शिडी दुसऱ्याच्या हातात देईन, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार करणार कुणाकडे?

त्या दिवशी सकाळी एक जोडपं आलं. बाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, सगळं गाव त्यांना अजून मोठ्या बाईच म्हणत असे. नवरा गप्प. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं तळ्यावर निघणार होते आणि त्यांना छतावर होडी न्यायची होती. गाडी ऐसपैस, बार लांब, म्हणून प्रत्येक बारला तीन पाय: दोन कडांना आणि एक मधोमध. कडांचे पाय मास्तरांनी चाकं लावलेल्या मचाणावर उभं राहून दुपारपर्यंत बसवले. मधल्या पायांना मचाणावरून हात पोहोचत नव्हता. छतावरच जायला हवं होतं. ऊन स्वच्छ, वारा पडलेला, छत कोरडं.

मास्तरांनी पट्टा बांधला, काट्यावर उभे राहिले आणि हाक मारली, "ताई!"

ताई फाटकाशी होती. फोमचा टेम्पो आला होता आणि ती ड्रायव्हरशी हुज्जत घालत होती.

"मी वाचते," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून चष्मा काढला.

"थांबा, थांबा, आले मी!" ताई फाटकापासून धावत सुटली. पण मोठ्या बाईंनी चाळीस वर्षं निकाल वाचले होते, आणि निकाल वाचायला त्या कुणासाठी थांबत नसत.

"एकशे सात."

"पुन्हा बघा."

"एकशे सात. वर अर्धा आहे, तो मी सोडून दिला."

मास्तरांनी पट्टा काढून खाली ठेवला. एकशे दोन. बूट काढले. एकशे एक. ते शर्टाच्या बटणाकडे हात नेतात की काय असं वाटून मोठ्या बाईंचे यजमान उगाचच आकाशाकडे बघू लागले.

"आता आणखी काय काढणार आहात?" मोठ्या बाईंनी विचारलं.

मास्तर काट्यावरून उतरले. ताई धापा टाकत समोर उभी होती आणि तिची नजर स्वतःच्या चपलांवर होती. त्यांना सगळं कळलं.

"किती महिने?"

"आठ," ताई म्हणाली.

"आठ महिने तू मला शेंडी लावलीस?"

"पहिल्यांदा एकशे एक होतं. म्हटलं, एका किलोने काय होतंय. मग एकशे दोन झालं. एक खोटं बोलल्यावर दुसऱ्यांदा खरं कसं सांगू?" तिने मान वर केली. "आणि मास्तर, तुम्ही खाली राहिला असता तर तुमचं तोंड बघवलं असतं का मला? दिवसभर माझ्या यंत्राशेजारी बसून शिलाई शिकवली असती तुम्ही मला."

मास्तरांना राग आला. आधी ताईचा आला, पण तो फार टिकेना, कारण पट्ट्याची भोकं त्यांची स्वतःची होती. दुसरं कुणी आकडा वाचावा हा नियम त्यांनी माणसं स्वतःविषयी खोटं बोलतात म्हणून केला होता. माणसं दुसऱ्यासाठी, मायेपोटीही खोटं बोलतात, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते टोपी काढून गाडीच्या पायरीवर बसले. खूप वाईट वाटत होतं, आणि ते लपवण्याइतका उत्साहही उरला नव्हता.

"मी जाऊ का वर?" मोठ्या बाईंच्या यजमानांनी तोंड उघडलं.

"तुम्ही स्टुलावर चढून बल्ब बदलता तेव्हा मी शेजाऱ्यांना बोलावून ठेवते," मोठ्या बाई म्हणाल्या. "बसा."

"मी जाते," ताई म्हणाली.

"तू?"

"पंधरा वर्षं तुमचं प्रवचन ऐकतेय. त्या शिडीलासुद्धा पाठ झालं असेल."

ताई काट्यावर उभी राहिली, पट्ट्यासकट. मोठ्या बाईंनी वाचलं, सत्तावन्न. मास्तरांनी एक शब्द न बोलता तिच्या कंबरेला दोर बांधला, दुसरं टोक शेडच्या तुळईच्या कडीत अडकवलं, शिडीचं टोक बांधलं, मग दोनदा हिसडा देऊन पाहिलं. ताई चढली. दोन हात एक पाय, दोन पाय एक हात. मचाणावरून त्यांनी तिला रुंद फळी सरकवली. "उभी राहू नकोस. फळीवर गुडघे टेक. वजन पसरलं पाहिजे." आणि स्वतः गाडीच्या आत जाऊन पलंगाशेजारी उभे राहिले, कान वर करून.

टक, टक, टक.

"पोकळ," मास्तर आतून ओरडले. "वीतभर डावीकडे."

टक.

"हां! तिथे फासळी. खूण कर."

सत्तावीस वर्षं त्यांनी छत वरून पाहिलं होतं. खालून, कुणी वर असताना, पहिल्यांदाच पाहत होते. ताईने फळी सरकवायला एक गुडघा छतावर टेकला, तेव्हा दोन फासळ्यांमधला पांढरा पत्रा त्यांच्या डोळ्यांदेखत खाली दबला, बोटभर नाही, पण दिसेल एवढा. छतातला दिवा थरथरला. तिने गुडघा उचलल्यावर पत्रा परत वर आला. हे सत्तावन्नाला. याच्या जवळजवळ दुप्पट वजन घेऊन ते आठ महिने लोकांच्या डोक्यावर फिरत होते, आणि खाली उतरून त्यांनाच अक्कल शिकवत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान! तीसेक गाड्या तरी झाल्या असतील. उद्या सकाळी एकेकाला फोन करायचा, त्यांनी ठरवलं. खरं काय ते सांगायचं, गाडी बोलवायची, छताचा सांधा न् सांधा तपासून द्यायचा. हसतील लोक. हसू देत.

काम मात्र सुरेख झालं. ताईचा हात शिवणाचा. भोकाभोवती तिने लावलेली, पाणी अडवणाऱ्या सीलची रेघ इतकी नेटकी होती की मचाणावरून मान लांब करून बघताना मास्तरांना थोडा मत्सर वाटला. बोल्ट पुरेसा आवळला की पाना टिक करून वाजतो, तिथे थांबायचं, हे तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांनी मचाणावरून बारला लोंबकळून पाहिलं. एकशे सात किलोंचा काहीतरी उपयोग झाला. बार जागचा हलला नाही. मोठ्या बाईंनी "छान" म्हटलं, आणि त्यांच्या यजमानांनी ते ऐकून ताईचं अभिनंदन केलं, कारण हा शब्द घरात फार क्वचित ऐकू येत असे.

"उतर आता," मास्तर म्हणाले.

ताई उतरेना. ती फळीवर गुडघे टेकून भिंतीपलीकडे बघत होती.

"मास्तर, इथून नदी दिसते."

तिने हात लांब करून दाखवलं.

"अख्खी नदी. वळण, पूल, पलीकडची झाडं. खाली धोब्यांनी चादरी वाळत घातल्यात त्यासुद्धा दिसतात. अहो, मी पंधरा वर्षं तिथे खाली भिंतीकडे तोंड करून शिवतेय आणि भिंतीपलीकडे हे असं!" ती त्यांच्याकडे वळली. "रोज बघत होतात. एका शब्दाने कधी बोलला नाहीत?"

मास्तर शिडीचा पाय धरून उभे होते. मोठ्या बाई बघत होत्या, त्यांचे यजमान बघत होते. काहीतरी गंमत करून वेळ मारून नेता आली असती.

"बोललो असतो," ते म्हणाले, "तर तूही वर आली असतीस."

ताईला हसावं की रडावं ते कळेना. मग ती हसली, आणि दोर कंबरेशी नीट आहे ना हे चाचपून परत नदीकडे तोंड करून बसली.

"बस जरा वेळ," मास्तर म्हणाले. "घाई नाही. आणि तुझ्या पायाचं माप सांग. वर जायला मऊ तळव्याचे बूट लागतात."