मिठूने माझा पाठ पाडला

माणसाने आयुष्यात एकदा तरी तोंडावर आपटावं म्हणतात. मान्य. पण मी आपटले ती चौथीच्या अख्ख्या वर्गासमोर, मुख्याध्यापिकेसमोर आणि तपासणीला आलेल्या साहेबांसमोर. आणि मला आपटवलं कोणी? लाडवाच्या डब्याएवढ्या एका स्पीकरने. चहा घ्या, सांगते.

मी भांडुपच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. सव्वीस वर्षं झाली, म्हणजे आता पालकसभेला माझेच जुने विद्यार्थी बाप होऊन येतात. या वर्षी आमच्या वर्गात प्रश्नांची उत्तरं देणारं यंत्र आलं. मराठीत विचारा, मराठीत उत्तर. मुलांनी त्याचं नाव मिठू ठेवलं. मात्र ते आलं होतं महिन्याच्या बोलीवर. साहेब येऊन पाठ बघणार, त्यांना पटलं तर मिठू कायमचा आमचा, नाहीतर उचलून परत.

खरं सांगते, पहिला आठवडा मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सव्वीस वर्षं खडू घासला, आता डबा मला शिकवणार? पण आमच्या वर्गात सानिका नावाची मुलगी आहे. जूनपासून ती वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. एका मधल्या सुट्टीत मी दारातून बघते तर ही मिठूसमोर उकिडवी बसून विचारतेय, गोगलगाय पाठीवर घर घेऊन फिरते तर तिला पाहुणे कुठे बसतात? मिठू तिला शांतपणे समजावून सांगत होता, ती पुढचं विचारत होती. मी तशीच मागे फिरले. त्या दिवसापासून ठरवलं, काही झालं तरी मिठू इथून हलता कामा नये.

आता आमची वाट कुठे लागली ते ऐका.

साहेब येणार म्हटल्यावर मुख्याध्यापिका कांबळे मॅडमनी पाठ नेहाला द्यायचं ठरवलं. नेहा आमची नवी शिक्षिका, वय पंचवीस, यंत्रातलं सगळं कळतं. मी म्हटलं, मॅडम, वर्ग माझा, पाठ मीच घेणार. तपासणीचा पाठ कसा घ्यायचा हे काय मला शिकवायला पाहिजे?

तुमच्यात कोणी शिक्षक असेल तर तो आत्ताच हसायला लागला असेल. कारण तपासणीचा पाठ ‘घेत’ नाहीत, तो ‘बसवतात’, गॅदरिंगचं नाटक बसवतात तसा. प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली. आणि सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. साहेबांना दिसतं, काय हुशार वर्ग आहे! बाई फक्त उजव्या हातांना उठवतात.

आदल्या दिवशी मी पाठ बसवला. विषय, आपल्या नळाला पाणी कुठून येतं. मिठूलाही सगळं नीट सांगितलं, मी हे विचारेन, तू हे सांग. चार वेळा सराव केला. वर एक खास कलाकुसर. तिसऱ्या प्रश्नाला आर्यनने मुद्दाम चुकायचं, मग मी त्याला प्रेमाने समजवायचं, म्हणजे पाठ अगदी खरा वाटेल. आर्यन वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा. तो फुरंगटला. म्हणाला, “बाई, मीच का? चुकायला येणारे आहेत की बाकीचे.” मी म्हटलं, अरे, चुकीचं उत्तर आत्मविश्वासाने द्यायला हुशारच मुलगा लागतो.

नेहा तेव्हा मागे उभी होती. ती म्हणाली, “बाई, हा सगळं लक्षात ठेवतो हं.” मी म्हटलं, झकास, पोरांपेक्षा बरा.

मुलांना मी दहा वेळा बजावलं, सराव केलाय हे साहेबांना सांगायचं नाही. मिठूला बजावायचं राहून गेलं. आता डब्याला काय बजावायचं, सांगा तुम्ही?

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मागच्या बाकावर कांबळे मॅडमच्या शेजारी बसले. शांत माणूस, पांढरी मिशी, हातात शेरेबुक, म्हणजे ज्यात तपासणीचा शेरा लिहितात ती वही. मी पहिला प्रश्न विचारला, चाळीसच्या चाळीस हात वर. उजवा हात बघून उठवलं, खणखणीत उत्तर आलं. साहेबांनी मान डोलावली. मी मनातल्या मनात नेहाला म्हटलं, बघ, याला म्हणतात अनुभव.

मग मी मिठूकडे वळले. “मिठू, तलावातलं पाणी थेट आपल्या नळाला येतं का?”

मिठू गोड आवाजात म्हणाला, “नाही बाई. काल आपण चार वेळा सराव केला, त्याप्रमाणे सांगतो. आधी पाणी शुद्ध केलं जातं.”

मी हसले. म्हणजे चेहरा हसल्यासारखा केला. म्हटलं, मिठू, सरावाचं राहू दे. त्याला वाटलं मला घाई आहे. तो म्हणाला, “ठीक आहे. मग थेट तिसरा प्रश्न घेऊ या. त्यात आर्यन चुकणार आहे.”

वर्गात खसखस पिकली. आर्यन उभा राहिला आणि म्हणाला, बाई, मी नाही चुकणार. कांबळे मॅडमनी पदर तोंडाला लावला. मी प्लगकडे धावले, तर साहेबांनी हात वर केला. “थांबा बाई.” आणि स्वतः मिठूला विचारलं, “आणखी काय काय ठरलंय रे?”

आमचा मिठू म्हणजे आज्ञाधारक मूल. कोणी विचारलं की सांगायचं. त्याने उजव्या हाताची गोष्ट सांगितली, डाव्या हाताची सांगितली, आर्यन का चुकणार तेही सांगितलं. शेवटी म्हणाला, “पाठ खरा वाटावा म्हणून.” वर मलाच विचारलं, “बाई, काही राहिलं का?”

राहिलं होतं ते एवढंच, की जमीन दुभंगायची. ती काही दुभंगली नाही. आमची इमारत नुकतीच दुरुस्त केलीय.

त्यात कहर म्हणजे हात अजून वरच होते. मी खाली करायला सांगितलंच नव्हतं ना! अर्धे उजवे, अर्धे डावे. काहींनी घाबरून हात बदलले, दोघांनी दोन्ही वर केले. साहेब उठले, बाकांमधून चालत आले. म्हणाले, मीही बारा वर्षं वर्गावर होतो, ही युक्ती मीही केलीय. मला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात ते म्हणाले, “पण डाव्या हातांना कोणी कधी विचारत नाही. आज विचारू या.” आणि त्यांनी नेमकं सानिकाला उठवलं.

मिठू गेलाच होता, आता ही पोर रडणार. साहेबांनी विचारलं, “बाळा, तुमच्या घरी पाणी कुठून येतं?”

सानिकाने एकदा मिठूकडे बघितलं. मग म्हणाली, “आमच्याकडे येत नाही. आम्ही डोंगरावर राहतो. मी आणि आई खालून हंडे आणतो. दोन मोठे, माझा एक छोटा. म्हणून मला उशीर होतो आणि बाई ओरडतात.”

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. जूनपासून ही मुलगी माझ्यासमोर बसते, रोज उशिरा येते म्हणून मी रोज बोलते, आणि का उशीर होतो हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आणि मी पाण्याचा पाठ शिकवत होते!

पण मग मजा झाली. तिच्या मागचा मुलगा उठला, त्यांच्याकडे टँकर येतो. एकीच्या घरी पहाटे अर्धा तासच नळ. आर्यनच्या बिल्डिंगमध्ये चोवीस तास पाणी, तर त्याला खरंच माहीत नव्हतं की सगळ्यांकडे तसं नसतं. म्हणजे बिचारा अखेर चुकलाच, पण न ठरवता. मुलं भांडली, विचारत सुटली, डोंगरावर पाणी का चढत नाही, मिठूला विचारा. मिठूने सांगितलं. घंटा झाली तरी कोणी उठेना. सव्वीस वर्षांत माझा इतका चांगला पाठ कधी झाला नव्हता आणि त्यात माझं एकही वाक्य नव्हतं.

साहेबांनी शेरा लिहिला, वही मिटली आणि चहा न घेता गेले. काय लिहिलंय ते बघायची माझी हिंमत होईना. पण आमच्या शाळेत पद्धत अशी, की तपासणीचा शेरा दुसऱ्या दिवशी परिपाठाला, प्रार्थनेनंतर, सगळ्या शाळेसमोर वाचायचा. कोणी? वर्गशिक्षिकेने.

मी वही उघडली. आधी डोळ्यांनी भरभर वाचून घेतलं आणि मग जोरात वाचलं, “चौथीची मुलं विचार करतात, मनातलं बोलतात. यंत्र अत्यंत प्रामाणिक आहे. ते याच वर्गात कायम ठेवावे.”

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! सानिका तर उड्या मारत होती. मीही ताठ मानेने वही मिटली आणि जागेवर जायला निघाले.

मागून कांबळे मॅडमचा आवाज आला, अगदी शांत. “बाई, तुम्ही एक ओळ गाळलीत.”

वही पुन्हा उघडावी लागली. आठशे मुलं कान देऊन उभी होती. मी वाचलं, “बाईंनी त्याच्याकडून प्रामाणिकपणा शिकावा.”