टेलरकाकूंचे आकडे

टेलरकाकूंनी हयातभर लोकांचे कपडे शिवले, पण शिलाईच्या आत दोन बोटं जादा कापड सोडल्याशिवाय कधी कात्री चालवली नाही. गिऱ्हाईक उद्या फुगलं तर उसवायला नको का?

स्तनाचा कॅन्सर हाडांपर्यंत पसरला तेव्हा काकू घाबरल्या, पण कबूल करतील तर शपथ! डॉक्टरांनी नेमकं त्या रोगट पेशींनाच गाठणारी गोळी सुरू केली. अशा गोळीवर घरदार, कामधंदा सांभाळणाऱ्या साध्यासुध्या बायकांचे दिवस कसे जातात, याचा अभ्यास हॉस्पिटलात चालला होता. काकूंनीही हौसेने सही ठोकली. मग नोंदी घेणारी पोरगी दर महिन्याला फोन करू लागली. थकवा दहापैकी किती? दुखणं किती?

आता आकडा म्हटला की काकू तो सैलच धरणार. थकवा चार असला की सात सांगायच्या, दुखणं दोन असलं की पाच. वर सुनेला ऐकवायच्या, "नेमकं माप देऊन चालतं का कुठं?"

आज स्कॅनचा निकाल ऐकायला काकू सुनेला घेऊन आल्या, नोंदवाली पोरगीही वही घेऊन बसली होती. डॉक्टर ते आकडे बघून गंभीर झाले. "काकू, स्कॅन छान आहे, डाग वाढलेले नाहीत. पण एवढा त्रास होत असेल तर ही गोळी बंद करून दुसरी बघावी लागेल."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. "बंद? अहो, चांगली मानवलीय मला! काल दिवसभरात दोन कोट शिवले!"

"मग थकवा सात कसा?"

"चारच हो! वरचे तीन मी शिलाईत सोडलेत."

सुनेला आधी उमगलं, ती खुर्चीवरून पडायचीच बाकी होती. नोंदवाल्या पोरीने कपाळावर हात मारला, आणि मग चौघं अशी खदखदून हसली की बाहेरची नर्स दार उघडून डोकावली. गोळी आहे तशीच चालू ठेवायची ठरली. पोरीने जुन्या आकड्यांपुढे टीप लिहिली, तीही हसत हसतच.

"आता खरं खरं हं, काकू. थकवा?"

"चार."

"दुखणं?"

"दोन."

"भीती?"

हा प्रश्न काकू दर महिन्याला 'शून्य' म्हणून उडवून लावायच्या.

"आज एक," त्या म्हणाल्या. "काल दहा होती."

सुनेचं हसू ओसरलं. "काल? अहो आई, काल तर तुम्ही मशीनवर बसून मोठमोठ्याने गाणी म्हणत होतात!"

"मग काय करू? तू शेजारच्याच खोलीत होतीस."