सात्या निवडणारी शेवंतामावशी

शेवंतामावशी गिऱ्हाईकाला मेनूकार्ड वाचूच देत नसे. स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत यायची, माणसाचं तोंड पाहायची आणि काय खायचं ते सांगून मोकळी व्हायची. खेकड्याच्या रश्श्यापुढे घाबरून बसलेल्या एका साहेबाला म्हणाली, "भेऊ नका भाऊ. तुम्ही त्याले खाऊन राहिले, तो तुमाले नाही."

लाखनीच्या हायवेवरचं ते हॉटेल तिच्या हातावर चालायचं. खेकडे, बांबूच्या कोंबांचे वास्ते, पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळंब्या, म्हणजे आमच्या सात्या. नागपूरहून गाड्या यायच्या. बाहेरच्या फलकावर 'जंगलची थाळी', आणि फोटो नथ घातलेल्या कुठल्यातरी गोऱ्या मॉडेलचा. आमच्या गावी, अड्याळला, मावशी आमच्या शेजारची. मला त्या फोटोचा संताप यायचा, ती हसायची. "माहा लावला तं गिऱ्हाईक पळून जाईन वं!"

सात्यांची मात्र थट्टा नाही. एकेक उचलून बुंधा पाहायची. "मुळाले वारुळाची माती पाहिजे. नसन तं फेक. चव बराबर लागते अन् माणूस मरते."

मागच्या पावसाळ्यात मी बँकेतल्या सहकाऱ्यांना तिथे जेवायला नेलं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. आमच्याकडचं खाणं बघा, हा तोरा होताच. मालकाने त्या दिवशी कोणा अनोळखी विक्रेत्याकडून टोपलीभर सात्या घेतल्या होत्या. मावशी आमच्या टेबलाशी आली. "आज सात्या नाही. वास्ते खा."

मालक धावत आला. "टोपली भरून आहे, नाही कायले म्हणतेस?"

"अर्ध्यायले मूळच नाही. मी नाही रांधत."

"मसाल्यात कोणाला कळते? अंगठाछाप बाई मला शिकवून राहिली!"

आमच्यातलं कोणीतरी हसलं. मावशी आत गेली, टोपली घेऊन आली आणि सगळ्यांदेखत खरकट्याच्या ड्रममध्ये उपडी केली. मालकाने तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. आणि मी? एम.कॉम. झालेली मी, ती खरं बोलते हे पक्कं ठाऊक असलेली मी, मान खाली घालून जेवत राहिले.

नंतर ती बसथांब्यावर दिसली. म्हटलं, "मावशी, मी बोलायला पाहिजे होतं."

"जेवली काय पोटभर?"

"हो."

"वास्ते कडू तं नाही लागले?"

त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

आता ती घरीच असते. दुसरं हॉटेल तिला ठेवत नाही. बाई भांडखोर आहे, असं मालकाने पसरवलंय. यंदा पाऊस पडला आणि फलकावर पुन्हा सात्या लिहिल्या गेल्या. रविवारी दुपारी, सगळी टेबलं भरलेली असताना मी आत गेले आणि मोठ्याने विचारलं, "सात्या आता कोण निवडते?"

"हळू बोला मॅडम," मालक म्हणाला.

मी आणखी मोठ्याने विचारलं.